सामूहिक वनहक्काचा दावा करताय? या चुका टाळा

वनहक्क कायद्याखाली गावाने जंगलावरच्या सामाईक हक्काचा केलेला दावा परत आला की सगळे वनखात्यावर घसरतात. खात्याची बाजू मी घेणार नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच फायली गावातच कच्च्या राहिलेल्या असतात.

हद्द फिरून न बघणं. सगळ्यात महागात पडते ती हीच. गडचिरोलीतल्या एका गावात दोन पोरांनी मोबाईलच्या जीपीएसवर एका दिवसात नकाशा करून आणला. सोबत एकही म्हातारं माणूस नाही, शेजारच्या गावाला पत्र नाही. नाल्यापलीकडची मोहाची झाडं नकाशात आली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारचं गाव वेचत होतं. हरकत आली, फाईल उपविभागीय समितीत, म्हणजे ग्रामसभेनंतर दावा तपासणाऱ्या सरकारी समितीत, अडकली, आणि सोयरिकीच्या दोन गावांत ऐन तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) हंगामात बोलणं बंद. शेवटी दोन्ही गावांच्या वनहक्क समित्या (दाव्याचं काम बघायला ग्रामसभेने निवडलेल्या) नाल्यावर एकत्र बसल्या. एका आजीने झाडागणिक कोण वेचतं ते सांगितलं, तसा पंचनामा लिहिला, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. दावे एकमेकांवर आले तर समित्यांनी एकत्र बसावं, हे नियमातच आहे. मी फेरीला आधी म्हातारी माणसं आणि मोहफुलं वेचणाऱ्या बाया नेते. जीपीएस त्यांच्या मागून. शेजारच्या गावाला लेखी सूचना देऊन पोच घेतल्याशिवाय तर निघतच नाही.

घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या. याची मला खरोखर चीड येते. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला. कोरम होत नाही? सभा पुढे ढकला, संध्याकाळी घ्या, बाया जंगलातून परतल्यावर घ्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली हक्क मिळाला, त्यामागे सर्वसहमतीने निर्णय घ्यायची कित्येक वर्षांची सवय होती. "ताई, पुढच्या आठवड्यात फाईल द्यायचीय" म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

अर्जाचा नमुना चुकणं. जळण-चराईसारख्या सामूहिक हक्कांचा नमुना वेगळा, जंगलाच्या व्यवस्थापनाचा वेगळा. दुसरा राहिला तर जंगल राखायचा अधिकार कागदावर येतच नाही.

एकाच पुराव्यावर भागवणं. किमान दोन लागतात. निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जळण-चराईसारख्या वहिवाटीची जुनी सरकारी नोंद, शोधा. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो.

तोंडी नकार ऐकून परतणं. कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात.

हक्क मिळाल्यावर समिती न नेमणं. मग तेंदूचा ठेकेदार भाव ठरवतो. पट्टा (हक्काचा कागद) मिळाल्यावर पहिल्याच सभेत व्यवस्थापन समिती नेमा आणि ग्रामसभेचं बँक खातं उघडायचा ठराव घ्या.