आयसोपॉडला खायला घालताना या चुका टाळा

कुंडी उचलली की खाली राखाडी, १४ पायांचे जीव पळताना दिसतात. काही जण हात लागताच गोळी होतात. हे आयसोपॉड, खेकडा-कोळंबीचे जमिनीवरचे भाऊबंद. हल्ली हौसेने टेरॅरियममध्ये, म्हणजे माती-झाडं घातलेल्या काचेच्या पेटीत किंवा डब्यात, पाळतात. माझा पहिला डबा मी काकडी-गाजराने भरला आणि चार दिवसांत त्याला आंबूस वास सुटला, वर चिलटं घोंगावू लागली.

भाजी हे त्यांचं मुख्य अन्न नाही. त्यांचं पोट चालतं कुजणाऱ्या पाल्यावर. तोही बुरशीने आणि जिवाणूंनी आधीच मऊ केलेला हवा. ताज्या हिरव्या पानातली तुरट द्रव्यं त्यांना नकोशी असतात. देशी बदामाचं किंवा फणसाचं गळून पडलेलं, पावसात भिजलेलं पान द्या; शिरा तेवढ्या उरतील. कडुनिंब आणि निलगिरी टाळा. फवारणी होणाऱ्या बागेतला पाला तर मुळीच नको.

डबा धुऊन लख्ख करायचीही घाई नको. आयसोपॉड आपलीच विष्ठा पुन्हा खातात. त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्यावर चालतं आणि निसटलेलं तांबं त्यांना या विष्ठेतून परत मिळवता येतं. आपल्याला किळस वाटते म्हणून त्यांचं अन्न काढून घेऊ नये.

अर्धं अंग पांढरं पडलेला आयसोपॉड दिसला की अनेक जण त्याला आजारी समजून बाहेर काढतात. तो कात टाकत असतो: आधी मागचा अर्धा भाग, मग काही दिवसांनी पुढचा. टाकलेली कातही तो खातो, त्यात चुना असतो. म्हणून कोपऱ्यात अंड्याचं कवच किंवा समुद्रफेनाचा (माकुळीच्या पाठीतल्या पांढऱ्या, चुनखडी हाडाचा) तुकडा कायम ठेवा. आठवड्यातून एकदा माशांच्या खाद्याची एक गोळी द्या आणि उरलेली दुसऱ्या दिवशी उचला. प्रथिनं कमी पडली तर नुकती कात टाकलेला मऊ सोबतीही खाल्ला जातो.

खाणं तसंच पडून आहे? ते कोरड्या बाजूला ठेवलंय का बघा. हे जीव पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात, त्यामुळे ओल सोडून फार लांब जात नाहीत. खाणं ओलसर बाजूला सरकवा आणि रात्री टॉर्च लावून पाहा.

कोवळी रोपं कुरतडली जात असतील तर कुंडीत पाला उरलाय का ते आधी तपासा. मत्स्यटाकीतल्या ॲम्फिपॉडचंही (खेकडा-कोळंबीचेच हे आणखी एक छोटे भाऊबंद) तसंच: शेवाळ आणि तळातला गाळ रोज खरवडून काढला, तर ते खाणार काय?