फ्लॅश कधी उडतो, कधी नाही: लग्नाच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

लग्नाच्या फोटोग्राफीत नव्याने येणाऱ्यांच्या हाती पहिल्या सीझनला कॅमेरा क्वचितच येतो. हाती येतो तो लाइट स्टँड. स्टँडच्या टोकाला फ्लॅश, मुख्य फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर ट्रिगर (क्लिकबरोबर रेडिओने फ्लॅशला इशारा देणारा), आणि या दोघांच्या मधे जे काही बिघडेल ते स्टँड धरणाऱ्याच्या नावावर. फ्लॅश साफ बंद पडला तर एक वेळ परवडतं, दुसरा लावून काम चालू ठेवता येतं. अधूनमधून दगा देणारा फ्लॅश जास्त छळतो. चॅनेल बदलला, सेल काढून परत घातले, स्टँड दोन पावलं सरकवला, की तो योगायोगाने पाचसहा वेळा नीट उडतो. दोष सापडला असं वाटतं आणि नेमका अंतरपाट दूर होताना फोटो काळा येतो.

म्हणून आधी काही हलवू नका. दोष कुठल्या कडीत आहे ते ठरवा. कॅमेऱ्याने ट्रिगरला सांगितलंच नाही, किंवा ट्रिगरने सांगितलं पण फ्लॅशपर्यंत पोचलं नाही, किंवा पोचलं पण फ्लॅश भरलेला नव्हता. या तीन दोषांचे उपाय एकमेकांच्या काही कामाचे नाहीत. सेल मेलेत आणि आपण चॅनेल बदलत बसलो, तर अख्खी संध्याकाळ त्यात जाते.

त्याआधी एक खातरजमा. फोटो काळा आला तेव्हा फ्लॅश डोळ्यांना दिसला का? दिसला असेल तर तो उडाला आहे, फक्त वेळ चुकली आहे. शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर नीट चालणाऱ्या कमाल शटर गतीच्या, वर गेलं की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो, आणखी वाढवलं की पट्टा रुंदावत फोटो खातो. ही मर्यादा बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० असते, कॅनन ६डी मध्ये ती १/१८० आहे. स्वस्त ट्रिगर स्वतःही थोडा उशीर करतात, त्यामुळे कॅमेऱ्याची मर्यादा १/२०० असली तरी अशा ट्रिगरवर १/१६० ला काम करणं शहाणपणाचं. हाय स्पीड सिंक (त्या मर्यादेच्या वरही फ्लॅश चालवण्याची सोय) वापरत असाल तर ते ट्रिगर, फ्लॅश आणि कॅमेरा तिघांनाही जमायला हवं. निकॉनच्या अनेक बॉडींमध्ये त्यासाठी मेनूत ऑटो एफपी निवडावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

दिसूनही फोटोत न येण्याचं दुसरं कारण म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह. फ्लॅश चुकून एस१ मोडवर राहिला, तर तो रेडिओकडे लक्षच देत नाही. समोर दुसरा कुठलाही फ्लॅश चमकला की त्याच्याबरोबर उडतो. एखाद्या पाहुण्याचा कॅमेरा टीटीएलवर (फ्लॅशची पॉवर कॅमेराच मोजून ठरवतो त्या मोडवर) असेल, तर खऱ्या फ्लॅशच्या आधी मोजमापासाठी जो बारीक प्री-फ्लॅश पडतो, त्यालाच आपला फ्लॅश ओ देतो आणि शटर उघडेपर्यंत रिकामा होतो. एस२ मोड प्री-फ्लॅशकडे दुर्लक्ष करतो, पण भरल्या कार्यालयात दोन्ही नकोत. रेडिओ स्लेव्हवरच ठेवा.

आता खरी तपासणी. फ्लॅश १/१२८ पॉवरवर आणा. इतक्या कमी पॉवरला तो जवळजवळ लगेच भरतो, त्यामुळे सेलचा प्रश्न बाजूला पडतो. फ्लॅशवरचं टेस्ट बटण वीस वेळा दाबा. इथेच चुकला तर दोष फ्लॅशमध्ये किंवा त्याच्या सेलच्या खाचेत आहे, ट्रिगरला बोल लावू नका. मग ट्रिगर कॅमेऱ्यावरून काढून हातात घ्या, काम करायचं तेवढ्याच अंतरावर उभे राहा आणि ट्रिगरचं टेस्ट बटण वीस वेळा दाबा. इथे चुकला तर रेडिओ. नंतर ट्रिगर कॅमेऱ्यावर चढवून शटर वीस वेळा दाबा. हातात ठीक आणि कॅमेऱ्यावर चुकतो, याचा अर्थ हॉट शू (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची ट्रिगर बसवायची खाच) किंवा कॅमेऱ्याची सेटिंग. तिन्हींत पास झाला तर पॉवर १/१ करा आणि दर दोन सेकंदांनी एक असे फोटो काढा. आता चुकायला लागला तर तो भरत नाहीये. एवढ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. वीस हा आकडा मात्र कमी करू नका. दहात एकदा चुकणारा फ्लॅश पाच दाबांत बहुधा पासच होतो.

लग्नाच्या कामात सर्वात जास्त सापडणारा दोष हा शेवटचाच, न भरण्याचा. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या फ्लॅशमध्ये चार सेल लागतात. गोडॉक्स टीटी६०० चं उदाहरण घ्या: २५०० एमएएचच्या चांगल्या रिचार्जेबल सेलवर पूर्ण पॉवरनंतर भरायला सुमारे २.६ सेकंद लागतात. हेच सेल दोन सीझन वापरलेले असतील तर चार्जर हिरवा दिवा दाखवतो, फ्लॅशचा बॅटरीचा खूणदिवाही पूर्ण दिसतो, पण भरायला सात-आठ सेकंद जातात. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि जोराचा करंट मागितला की त्यांचा व्होल्टेज कोसळतो. पानपट्टीवर मिळणाऱ्या साध्या अल्कलाइन सेलचंही तेच. आकड्यात १.५ व्होल्ट, निकेल मेटल हायड्राइडचे १.२, पण ताणाखाली १.२ वालाच टिकतो.

चार सेलचा संच एकत्रच चार्ज करायचा, एकत्रच वापरायचा. मार्करने अ-१ ते अ-४, ब-१ ते ब-४ असं लिहून ठेवा. एक कमजोर सेल बाकी तिघांना ओढतो आणि त्या फ्लॅशचा दोष शोधताना भलतीच माणसं थकतात. चार्जर प्रत्येक खाचेला स्वतंत्र मोजणारा हवा. दोन-दोनच्या जोडीने भरणारे चार्जर या कामासाठी नकोत.

सेल बदलण्याआधी आणखी एक मार्ग असतो, तो फुकट आहे. आयएसओ ४०० वरून १६०० केला की दोन स्टॉप मिळतात, चौपट उजेड वाढल्यासारखं, म्हणजे १/१ ऐवजी १/४ पॉवर पुरते. फ्लॅश त्या मानाने लवकर भरतो आणि सेल चौपट पुरतात. अक्षता पडताना सलग फोटो निघतात, तिथे १/४ च्या वर जायचंच नाही असा नियम आम्ही नवख्यांना घालून देतो. मुख्य फोटोग्राफरला आयएसओ वाढवा म्हणायला संकोच वाटतो हे खरं, पण आधी सांगितलेलं चालतं, काळे फोटो आल्यावर सांगितलेलं चालत नाही.

भरल्याचा दिवा लागला म्हणजे फ्लॅश काठोकाठ भरला असंही नाही. बऱ्याच फ्लॅशमध्ये तो थोडा आधीच लागतो, म्हणून फोटो येतो पण जरा काळपट. बीप चालू ठेवता येत असेल तर रिसेप्शनमध्ये ठेवा, विधींच्या वेळी बंद करा. आणि पूर्ण पॉवरवर सलग ३० च्या आसपास फ्लॅश मारले की ओव्हरहीट संरक्षण जागं होतं आणि भरण्याची वेळ १० ते १५ सेकंदांवर जाते. ही बिघाडाची खूण नव्हे. दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा, तोवर दुसरा लावायचा.

रेडिओकडे येऊ. सध्याचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि कार्यालयातलं वाय-फाय, ब्लूटूथ, बरेचसे वायरलेस माइक हेही त्याच पट्ट्यात गर्दी करतात. गोडॉक्सच्या एक्स प्रणालीत ३२ चॅनेल आहेत आणि ०१ ते ९९ असा आयडी. या दोहोंचं काम वेगळं आहे आणि नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. आयडी जुळत नसेल तर दुसऱ्याच्या ट्रिगरवर तुमचा फ्लॅश उडत नाही. म्हणजे आयडी शेजारच्या फोटोग्राफरपासून वाचवतो. वाय-फायच्या गोंगाटापासून तो वाचवू शकत नाही, त्यासाठी चॅनेलच बदलावा लागतो. तोही ४ चा ५ करून फारसा फरक पडत नाही, कारण वाय-फायचा एक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. चांगली लांब उडी मारा. गोडॉक्सच्या एक्सप्रो सारख्या ट्रिगरमध्ये स्कॅनची सोय आहे, ती मोकळे चॅनेल शोधून दाखवते. स्कॅन पाहुणे आल्यावर करा. सकाळी रिकाम्या कार्यालयात सगळेच चॅनेल मोकळे असतात.

आयडी नसलेले जुने फ्लॅश संचात असतील तर ट्रिगरचा आयडी बंद ठेवावा लागतो. अशा वेळी त्याच कार्यालयातल्या व्हिडिओवाल्यांना आणि दुसऱ्या टीमला चॅनेल विचारून घ्या. दुसऱ्याच्या ट्रिगरवर आपला फ्लॅश उडत राहिला तर सेलही संपतात आणि आपल्या क्लिकला तो रिकामा सापडतो. वरवर रेडिओचा दोष दिसतो, लक्षण मात्र न भरण्याचं.

अंतराचा हिशेब उलटाही असतो. ट्रिगर आणि फ्लॅश अगदी हाताच्या अंतरावर असले तर सिग्नल गरजेपेक्षा जोरदार पोचतो आणि रिसीव्हर गोंधळतो. म्हणून ट्रिगरच्या मेनूत १ ते १०० मीटर आणि ० ते ३० मीटर असे दोन पर्याय असतात. कार्यालयात ० ते ३० च ठेवा.

माणसाच्या शरीरात पाणी भरपूर आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषतं. कमरेइतक्या उंचीवर ठेवलेला फ्लॅश मांडवाभोवती वऱ्हाड जमलं की हळूहळू बहिरा होतो. स्टँड सात फुटांच्या वर न्या, पायाशी वाळूची पिशवी टाका. चांदीच्या अस्तराच्या सॉफ्टबॉक्समध्ये अख्खा फ्लॅश कोंबू नका, अस्तर सिग्नल अडवतं. फ्लॅशचं धड बाहेर राहील असा ब्रॅकेट वापरा. स्टँडवरची धातूची शू असेल तर फ्लॅशच्या पायाच्या पिना एकमेकींना जोडल्या जाऊन तो आपोआप उडतो किंवा अडून बसतो. पायाखाली इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावला की मिटतं.

उरला हॉट शू. ट्रिगर पूर्ण पुढे ढकलून चक्री घट्ट करा, अर्धा मिलिमीटर मागे सरकला तरी पिना निसटतात. हळद लागलेले हात, घाम, पावसाळी दमट हवा यांनी पिनांवर थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने कॅमेऱ्याची आणि ट्रिगरची, दोन्ही बाजू पुसा आणि वाळू द्या. सोनीच्या शूमधल्या बारीक पिना पुढच्या ओठाखाली असतात, तिथे काडी कोंबू नका, हवेचा ब्लोअर पुरे.

कॅमेरा नवीन आणि ट्रिगर कधीच उडवत नसेल, तर शूच्या मधोमध गोल पिन आहे का पाहा. कॅननच्या १५००डी, ३०००डी, २००डी मार्क २ या बॉडींमध्ये ती नाही. एका पिनेचे सर्वसाधारण ट्रिगर त्यांवर चालत नाहीत, कॅननसाठी बनवलेला आणि फर्मवेअर अद्ययावत असलेला ट्रिगरच लागतो. सेटिंगमध्ये सायलेंट शटर हा नेहमीचा संशयित. विधींच्या वेळी आवाज नको म्हणून तो चालू होतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश उडतच नाही. कॅननच्या डीएसएलआरवर लाइव्ह व्ह्यूमध्ये दुसऱ्या कंपनीचा ट्रिगर वापरताना सायलेंट एलव्ही शूटिंग बंद करावं लागतं. ट्रिगरची स्टँडबायची वेळही (किती वेळ न वापरल्यावर तो झोपी जातो) पाहून ठेवा. शटर अर्धं दाबून त्याला जागं करायची सवय मुख्य फोटोग्राफरला नसेल, तर ती वेळ वाढवा.

बॅगेत प्रत्येक फ्लॅशमागे सेलचे दोन जादा संच, ट्रिगरसाठी दोन सेल, एक राखीव ट्रिगर आणि फ्लॅशच्या भोकात बसणारी पाच मीटरची सिंक केबल ठेवा. केबल कुणालाच आवडत नाही, लोक अडखळतात. पण स्टेजवरच्या कुटुंबाच्या फोटोंना, जिथे स्टँड जागचा हलत नाही, ती टेपने जमिनीला चिकटवून सगळा रेडिओचा प्रश्न निकालात काढता येतो.

एवढं करूनही फ्लॅश स्वतःच्या टेस्ट बटणावर चुकत असेल तर तो दुरुस्तीला द्या, सोबत चिठ्ठीवर लिहा: वीसपैकी किती चुकले, कुठल्या पॉवरला, कुठल्या सेलवर. घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यानंतरही तो बराच वेळ टिकतो.