पुरातली गाडी 'एकदम क्लीन' म्हणून गळ्यात मारली तर काय कराल

२०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर माझ्या मेहुण्याने कोल्हापूरच्या एका डीलरकडून सेकंडहँड गाडी घेतली, महिनाभराने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला चिखल, स्टेपनीखाली पण तेच.

अशा वेळी आधी भांडायला जाऊ नका, फोटो काढा, सर्व्हिस सेंटरमधून जुनी हिस्ट्री आणि मेकॅनिककडून लेखी रिपोर्ट घ्या, आणि डीलरचे 'नॉन अ‍ॅक्सिडेंट आहे दादा' वाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज अजिबात डिलीट करू नका, खरी केस तिथेच असते. मग स्पीड पोस्टाने नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन, पैसे परत किंवा दुरुस्तीचा खर्च मागा.

नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी कोल्हापूरची असली तरी तुम्ही राहता रत्नागिरीत तर तक्रार रत्नागिरीतच करता येते, २०१९ च्या कायद्याने ही सोय झाली. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, फोन करून बघा, कधीकधी तेवढ्यानेच डीलर नरमतो. मीटर मागे फिरवला असेल तर पोलिसांत फसवणुकीची तक्रारही देता येते. पण गाडी शेजारच्या काकांकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग विसरा, दिवाणी कोर्ट गाठावं लागेल.