नववीतल्या पोरांना फ्रेंच राज्यक्रांती शिकवताय? आधी वर्गणीचं मतदान घ्या

तारखा नंतर, आधी वर्गात मतदान. आमच्या ठाण्यात सोसायटीचा गणपती कुठल्या पोराला माहीत नसतो, सो विषय ठेवायचा की वर्गणी कोण भरणार. एकजण धर्मगुरू, दोघं सरदार, उरलेले सगळे सामान्य जनता, आणि मत माणशी नाही तर गटाला एक. पहिले दोन गट अर्थातच "आम्ही भरणार नाय" म्हणणार आणि दोन विरुद्ध एकने जिंकणार. दोनदा असं झालं की पोरंच ओरडतात, माणशी मत द्या! मे १७८९ मध्ये व्हर्सायला, म्हणजे राजाच्या महालाच्या गावी, ह्याच तीन गटांच्या सभेत भांडण नेमकं ह्यावरच पेटलं होतं, आणि १७ जूनला तिसऱ्या गटाने, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधींनी, स्वतःलाच नॅशनल असेंब्ली (राष्ट्रीय सभा) जाहीर केलं.

मग पावाची महागाई घ्या, ती स्किप करू नका. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या बायका व्हर्सायला चालत गेल्या, साधारण २० किलोमीटर, म्हणजे जवळपास ठाण्याहून वाशी, तेही पावसात, आणि राजाला घेऊनच परतल्या. बॅस्टिल, म्हणजे लोकांनी फोडलेला पॅरिसचा तुरुंग, पटकन उरका, आत कैदी सातच होते. आणि ते राणीचं "पाव नाही तर केक खा" वालं वाक्य प्लीज शिकवू नका, ती तसं बोलल्याचा पुरावा नाहीये.

राजेशाही गेली सप्टेंबर १७९२ मध्ये, म्हणजे मधे तीन वर्षं राजा होताच, हे पोरांना हमखास माहीत नसतं.