एसी वीज (सतत दिशा बदलणारा करंट) मोजताना या चुका टाळा: मीटरवर आकडा आला, पण तो नक्की कसला?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आरएमएस (मीटरवरचा 230 सारखा आकडा) आणि पीक (वेव्हचं सगळ्यात उंच टोक) यांमध्ये. 230 व्होल्ट म्हणजे वेव्ह 230 पर्यंत चढते आणि खाली येते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. 230 व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेच्या विजेवर) हीटर जेवढा तापेल तेवढाच या एसीवर तापतो, एवढंच तो आकडा सांगतो. साईन वेव्हचा (मेनच्या गुळगुळीत लाटेचा) पीक हवा असेल तर 1.414 ने गुणा, 325 येतात, तेही एकदा प्लस आणि एकदा मायनस. आता कोणीतरी ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं सर्किट) लावतं आणि पुढे 250 व्होल्टचा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) टाकतं, "230 च तर आहेत" म्हणून. लोड नसला की तो 325 कडे चार्ज होत जातो आणि मग फुगतो नाहीतर फुटतो. तिथे कमीत कमी 400 व्होल्टचाच हवा, आणि सप्लाय बंद केला तरी चार्ज आत राहतो, त्यामुळे डिस्चार्ज करून मगच हात घाला.

दुसरी चूक जीवावर बेतणारी. मीटर डीसी रेंजवर राहिलं आणि एसी मोजलं तर शून्याच्या आसपास दिसतं, कारण प्लस-मायनस कटून सरासरी शून्य होते. लोकांना वाटतं सप्लाय बंद आहे. आधी चालू असलेल्या पॉइंटवर मीटर तपासा, मग हवं ते मोजा, मग परत चालू पॉइंटवर तपासा, कंटाळा आला तरी.

आता इन्व्हर्टरवाल्यांसाठी. साधं मीटर आरएमएस मोजतच नाही हो! ते रेक्टिफाय केलेली (मायनस भाग उलटून प्लस केलेली) सरासरी घेतं आणि 1.11 ने गुणून दाखवतं, आणि हा 1.11 फक्त साईन वेव्हलाच लागू पडतो. मॉडिफाइड साईनचा (गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्यांची वेव्ह देणारा) इन्व्हर्टर घ्या, पीक 325, आणि वेव्ह निम्मा वेळ शून्यावर बसलेली. खरं आरएमएस 230 भरतं, पण सरासरी 162 च्या आसपास, म्हणून मीटर 180 दाखवतं. मग "व्होल्टेज कमी आहे" म्हणून आतला प्रीसेट (व्होल्टेज सेट करायचा स्क्रू) फिरवायचा, आणि मीटरवर 230 दिसेपर्यंत खरे व्होल्ट 290 च्या वर गेलेले असतात, मग लोड जळला की दोष इन्व्हर्टरला! उलट पूर्ण स्क्वेअर वेव्हवर हेच मीटर 11 टक्के जास्त दाखवतं. ट्रू आरएमएस मीटर घ्या, नाहीतर स्कोपवर (पडद्यावर वेव्ह दाखवणारं यंत्र) वेव्हचा आकार तरी बघून घ्या.

पण स्कोप लावताना प्रोबची ग्राउंड क्लिप फेजला लावू नका, ती आतून अर्थला जोडलेली असते, सरळ शॉर्ट होतो. त्यावर काही जण स्कोपची अर्थ पिनच काढून टाकतात, हा तर कहर आहे, कारण मग स्कोपची बॉडीच लाईव्ह होऊ शकते. मेनसाठी डिफरन्शियल प्रोब (दोन टोकांमधला फरक मोजणारा) वापरा.

क्लॅम्प मीटरमध्ये (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारं मीटर) फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकदम घेतल्या तर शून्यच येणार, एकच वायर घ्या.

राहिलं फेजचं, म्हणजे फेज वायरीचं नाही, दोन वेव्ह किती पुढेमागे आहेत त्याचं. रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये आहेत, एकावर 60 व्होल्ट, दुसऱ्यावर 80, आणि सप्लाय मोजला तर 100. मीटर बरोबरच सांगतंय. दोन्ही वेव्ह 90 अंशांनी पुढेमागे आहेत, एकाचा पीक येतो तेव्हा दुसरी शून्यातून जात असते, म्हणून साधी बेरीज चालत नाही, दोघांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा.