पावसात आणि बर्फात पकड राखणारे टायर कसे निवडावेत

पुण्यात टायर बदलण्याचा विचार बहुतेकांच्या मनात पहिल्या जोरदार सरीनंतर येतो. खरे तर हे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकलेले असावे. नवा टायर साच्यातून सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तुळतुळीत थर त्याच्या पृष्ठभागावर राहतो, आणि तो जाऊन रबराची खरी पकड लागेपर्यंत दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवावे लागते. हे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर झालेले केव्हाही बरे.

सुरुवात दुकानात नव्हे, पार्किंगमध्ये करावी. मोटारीच्या नव्या टायरच्या खाचा साधारण सात ते आठ मिलिमीटर खोल असतात. टायरच्या बाजूवर, खांद्याजवळ, लहानसा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे दिसतात. त्यांच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा एक उंचवटा असतो. टायर झिजून या उंचवट्याला टेकला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली आणि कायद्याची मर्यादा संपली. पावसासाठी मात्र तिथवर थांबू नये. तीन मिलिमीटर उरले की टायर बदलावा, असे माझे मत आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. १८५ मिलिमीटर रुंदीचा टायर तीन मिलिमीटर पाणी साचलेल्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर त्याच्या वाटेत दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी येते. हे पाणी खाचांतून बाहेर पडले नाही, तर टायर रस्त्यावर न टेकता पाण्याच्या थरावर तरंगू लागतो, आणि त्या क्षणी स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात.

खोली पाहताना टायरची आतली कडा विसरू नये. अलाइनमेंट, म्हणजे चाके सरळ रेषेत असण्याची मांडणी, बिघडलेले असेल, तर बाहेरून नक्षी शाबूत दिसते आणि आतली कडा पार गोटा झालेली असते. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवले की पुढच्या चाकांची आतली बाजू उभ्या उभ्या पाहता येते. अशी झीज आढळल्यास आधी अलाइनमेंट दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर नवे टायरही त्याच वाटेने जातील.

आता माप. समजा, टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिले आहे. यात १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल ही टायरची बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. पुढचे ८८ म्हणजे एका टायरची भारक्षमता ५६० किलो, आणि ‘एच’ म्हणजे वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर. भाराचा आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा कधीही कमी घेऊ नये. रुंदीबाबत मात्र लोक उलट दिशेने चुकतात. गाडी भारदस्त दिसावी म्हणून १८५ च्या जागी २०५ बसवतात आणि रुंद टायर म्हणजे जास्त पकड असे गृहीत धरतात. कोरड्या रस्त्यावर त्यात काही तथ्य आहे. पण पाण्यात रुंद टायरला अधिक पाणी सारावे लागते आणि तेवढेच वजन जास्त जागेवर पसरल्याने तो लवकर तरंगतो. पावसाळ्यासाठी निवड करायची असेल, तर मूळ मापच ठेवावे आणि वाचलेले पैसे चांगल्या रबरावर खर्च करावेत.

नक्षी निवडताना टायरच्या लांबीच्या दिशेने तीन-चार रुंद, सलग खाचा आहेत का, हे पाहावे. पाण्याचा मुख्य निचरा त्यांतूनच होतो. खाचांमधल्या रबरी ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा ओल्या डांबरावरचा उरलेला पातळ थर फोडतात. मोठ्या, सुट्या ठोकळ्यांचे मड टेरेन टायर मुळशीच्या चिखलवाटेवर उपयोगी असले, तरी ओल्या डांबरावर त्यांची पकड साध्या टायरपेक्षा सहसा कमीच असते. कर्वे रस्ता ते हिंजवडी एवढाच ज्यांचा प्रवास आहे, त्यांनी तो मोह टाळावा.

रबराचा दर्जा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खुणा वाचाव्या लागतात. सिलिका मिसळलेले रबर ओल्या रस्त्याला अधिक चांगले धरते, तेव्हा त्याबद्दल दुकानदाराला विचारावे. काही टायरवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा आणि ‘ट्रॅक्शन’ची श्रेणी असते. ट्रेडवेअरचा आकडा मोठा असेल, तर टायर जास्त किलोमीटर चालण्याची अपेक्षा असते. पण असे रबर बहुधा कडक असते आणि पावसात त्याची किंमत मोजावी लागते. ट्रॅक्शनमध्ये ‘डबल ए’ ही सर्वोच्च श्रेणी असून तिच्याखाली ए, बी आणि सी येतात. ही चाचणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून घेतलेली असते, त्यामुळे ताम्हिणीच्या किंवा वरंध्याच्या वळणावर टायर कसा वागेल, हे ती सांगत नाही. आपल्याकडे ओल्या रस्त्यावरील पकडीचा निकष ‘एआयएस १४२’ या भारतीय वाहन-मानकात घातला गेला असून, ही मानके आपल्याच कोथरूडमधील एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था प्रकाशित करते.

टायर बसवण्यापूर्वी त्याची जन्मतारीख वाचावी. बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच उलटून पाहावेत. काही महिन्यांपूर्वीचा माल घेण्यास हरकत नाही. दोन वर्षांहून जुना असल्यास, कितीही सवलत मिळत असली तरी, मी नको म्हणेन. रबर वापराविनाही कडक होत जाते. गाडीवरचा टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नये.

दोनच टायर घ्यायचे असल्यास ‘नवे पुढे टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. पावसाच्या दृष्टीने नवे टायर मागे असावेत. पुढची चाके घसरू लागली, तर स्टीअरिंग हलके पडून चालकाला अंदाज येतो आणि वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली, तर गाडी गिरकी घेते आणि सावरायला वेळ मिळत नाही. बसवताना बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा ‘आउटसाइड’ हा शब्द जुळतो की नाही, हे स्वतः पाहावे.

दुचाकीचा टायर अरुंद आणि गोलसर असल्यामुळे तरंगण्याचा धोका कमी असतो. तिथे खरी अडचण रंगवलेले पट्टे, ड्रेनेजची झाकणे आणि रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यांची असते. त्यांवर कोणतीच नक्षी पुरत नाही; मात्र पुढचा टायर झिजू देऊ नये, कारण स्कूटर त्याच्यावरच वळते.

बर्फाचा प्रश्न पुण्यात पडत नाही, पण हिवाळ्यात गाडी घेऊन मनालीला जाणारे पुणेकर कमी नाहीत. साधारण सात अंशांखाली नेहमीच्या टायरचे रबर ताठरते. हिवाळी टायरचे मऊ राहते आणि त्याच्या असंख्य चिरा बर्फ पकडून ठेवतात. अशा टायरची खरी खूण म्हणजे बाजूवरचे तीन शिखरांच्या डोंगरातील हिमकणाचे चिन्ह. नुसते ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हे नक्षीच्या रचनेपुरते असते. त्यासाठी बर्फावरची चाचणी आवश्यक नसते. तरीही हिवाळी टायर पुण्यातून बसवून जाऊ नयेत, कारण आपल्या उन्हात ते भराभर झिजतात. आठवडाभराच्या सहलीसाठी टायरवर चढवायच्या, मापाच्या बर्फाच्या साखळ्या न्याव्यात, त्या इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांवर, म्हणजे आपल्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढच्या चाकांवर, चढवाव्यात आणि बर्फ संपताच काढाव्यात. पुढचा रस्ता गोठलेला असेल, तर स्थानिक गाडी करावी.

शेवटचे काम हवेचे. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीने दिलेला दाब लिहिलेला असतो. टायर थंड असताना, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, स्टेपनीसह तो तपासावा. पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याची युक्ती रेतीसाठी आहे. पाण्यात कमी हवेचा टायर आणखी लवकर तरंगतो.