हॅपी कोड, जॉबशीट आणि ग्राहक आयोग: वॉरंटीतल्या वस्तूची तक्रार तडीस कशी न्यावी

वॉरंटीतला एसी, फ्रिज किंवा मोबाइल बिघडला की बहुतेक लोक कस्टमर केअरला फोन करतात, वाद घालतात, पुन्हा फोन करतात आणि शेवटी पदरचे पैसे घालून दुरुस्ती करून घेतात. बाजू खरी असूनही ग्राहक हरतो, कारण त्याच्या हातात तारीखवार कागद नसतो. फोनवर काढलेला राग कुठल्याच नोंदीत जात नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी एक फोल्डर करा आणि त्यात बिल, वॉरंटी कार्ड, सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो आणि प्रत्येक तक्रारीचा नंबर टाकत जा. ॲपवरचे चॅट खिडकी बंद होताच गायब होऊ शकते. त्याचे स्क्रीनशॉट तारीख दिसेल असे आधीच काढा.

कोड कधी द्यायचा

तंत्रज्ञ घरी येतो, यंत्र उघडून पाहतो, ‘पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) मागवावा लागेल’ म्हणतो आणि निघताना तुमच्या मोबाइलवर आलेला कोड मागतो. बऱ्याच कंपन्या याला हॅपी कोड म्हणतात. तो दिला की कंपनीच्या संगणकात तक्रार सुटली म्हणून बंद होते. पुढचा फोन नवी तक्रार म्हणून धरला जातो. असे तीन-चार वेळा झाले की महिनाभर बंद असलेला फ्रिज कंपनीच्या नोंदीत मात्र तीन-चार वेळा दुरुस्त झालेला दिसतो, आणि पुढे हीच नोंद तुमच्याविरुद्ध वापरली जाते. तंत्रज्ञावर कॉल बंद करण्याचा दबाव असतो, म्हणून तो गळ घालतो. त्याच्याशी भांडू नका, पण वस्तू चालवून पाहिल्याशिवाय कोड देऊ नका. एसी असेल तर निदान अर्धा तास चालू ठेवा. कोड चुकून दिला गेला, तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘तक्रार क्रमांक अमुक बंद दाखवली आहे, पण दुरुस्ती झालेली नाही, भाग मागवला आहे असे सांगितले आहे.’

जॉबशीट, म्हणजे तंत्रज्ञाने काय पाहिले आणि काय केले याची नोंद, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद. त्यावर तारीख, सिरियल नंबर किंवा आयएमईआय (मोबाइलचा ओळख क्रमांक), वस्तू वॉरंटीत असल्याची खूण, तुम्ही सांगितलेला बिघाड आणि तंत्रज्ञाला आढळलेले कारण, एवढे हवेच. ‘चेक केले’ एवढ्या दोन शब्दांवर सही करू नका. जॉबशीट फक्त ॲपवर असेल तर पीडीएफ उतरवून घ्या.

मुंबईत वॉरंटी नाकारण्याची दोन कारणे हमखास ऐकू येतात. पहिले, मोबाइलमध्ये पाणी गेले. फोनच्या आत एक छोटी पट्टी असते. पाणी लागले की तिचा रंग बदलतो. पावसाळ्यात सर्व्हिस सेंटरला फोन देताना काउंटरवरच पुढून-मागून व्हिडिओ काढा, सिम ट्रेच्या खाचेतून पट्टी दिसत असेल तर तीही टिपा. नंतर ‘लिक्विड डॅमेज’ म्हणाले तर उघडलेल्या फोनचे फोटो आणि लेखी अहवाल मागा. दुसरे कारण एसीचे: नाल्याजवळ किंवा खाडीलगत राहणाऱ्यांच्या एसीचे तांब्याचे कॉइल हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने काळे पडते, गळते आणि गॅस निघून जातो. कंपनी याला बाहेरच्या हवेचा परिणाम म्हणते. तसा अपवाद वॉरंटी कार्डात छापला आहे का, कोणत्या कलमात, हे लेखी विचारा. छापलेला नसेल तर नकार टिकवणे कंपनीला अवघड जाते. विकताना दुकानदाराने ‘कॉइलला पाच वर्षांची गॅरंटी’ असे सांगितले असेल, तर ती जाहिरात किंवा तो व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा.

या काळात दोन गोष्टी करायच्या नाहीत. वस्तू लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे उघडायला देऊ नका. वॉरंटी तर जातेच, शिवाय दोष सिद्ध करायला ग्राहक आयोगाला (ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या यंत्रणेला) वस्तू प्रयोगशाळेत पाठवावी लागली, तर आधी कोणी हात लावला हा वाद उभा राहतो. आणि हप्त्यावर घेतली असेल तर हप्ते थांबवू नका. कर्ज वेगळ्या कंपनीचे असते. तिथे थकलात तर क्रेडिट स्कोअर बिघडतो आणि दोषी कंपनीला काहीच फरक पडत नाही.

मागणीचे पत्र

वकिलाची नोटीस सक्तीची नाही. एका पानाचे साधे पत्र पुरते: वस्तू, किंमत, बिलाची तारीख, तक्रारींचे नंबर आणि तारखा, नेमके काय हवे, म्हणजे बदली वस्तू की पूर्ण पैसे, आणि १५ दिवसांची मुदत. ईमेलने पाठवा, स्पीड पोस्टनेही पाठवा, आणि पोहोचल्याची ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढून ठेवा.

घोळ होतो तो नावात. ब्रँडचे नाव आणि कंपनीचे नाव एक नसते. ऑनलाइन खरेदीत विकणारा तिसराच असतो. त्याचे नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर बिलावर छापलेला असतो. विक्रेता, उत्पादक आणि ऑनलाइन मंच (ज्या ॲप किंवा वेबसाइटवरून वस्तू घेतली ती कंपनी) या तिघांनाही पत्र पाठवा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे असते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बिलावरचा शिक्का पाहून गप्प बसू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

१९१५, आणि मग आयोग

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. इथे तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होते. पण हेल्पलाइन निकाल देत नाही, आणि तिथे गेलेला वेळही कायद्याच्या मुदतीत मोजला जातो. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीचे मार्गदर्शनही अशा वेळी घ्यावे.

तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेता बेंगळुरूचा असला तरी कांदिवलीच्या ग्राहकाने तिकडे जायचे नाही. मुंबई उपनगरचा जिल्हा आयोग त्याच्यासाठी आहे. भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील लागत नाही. तारखांची यादी, तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि क्रमांक घातलेली कागदपत्रे एवढे जोडा. स्कॅन तिरके, पुसट किंवा पाननंबर नसलेले असले की त्रुटी निघते आणि आठवडे जातात.

मागणी बेताची ठेवा. वस्तूची किंमत व्याजासह, त्रासाची भरपाई आणि खर्च. दहा हजारांच्या मिक्सरसाठी पाच लाख मागणाऱ्याचे बाकीचे म्हणणेही हलके पडते. वस्तू फर्मच्या जीएसटीवर घेतली असेल तर ‘ही धंद्यासाठीची खरेदी आहे, हा ग्राहकच नाही’ हा पहिला आक्षेप येणार. पोळीभाजी केंद्रासारखा स्वतःच्या उपजीविकेचा व्यवसाय असेल तर ते तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. कायदा अशा खरेदीला संरक्षण देतो.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आयोग फार तर आणखी १५ देतो. कायद्याने निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ जातो, आणि त्याचे एक मोठे कारण सरकारी आहे: अध्यक्ष आणि सदस्यांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. जिल्हा आयोगाच्या नेमणुका राज्य सरकार करते. मत मागायला येणाऱ्या आमदाराला गटार आणि पाण्याबरोबर हेही विचारले पाहिजे. हक्क कायद्यात लिहून खुर्ची रिकामी ठेवणे हा ग्राहकाशी केलेला अन्याय आहे.

मध्येच कंपनी तडजोडीला येते. कूपन किंवा घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापलेली रक्कम पुढे करते आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या कागदावर सही मागते. रक्कम खात्यात जमा होईपर्यंत सही करू नका आणि तक्रार मागे घेऊ नका. निकाल तुमच्या बाजूने लागून मुदतीत पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जासोबत निकालाची प्रत, तुमच्या बँक खात्याचा तपशील आणि व्याजासह येणे रकमेचा हिशेब जोडा.